साळुंकेच्या बाई

रविवारी सकाळी सिंगापुरातल्या आमच्या बिशानच्या फ्लॅटमध्ये बाहेरच्या खोलीतून एकच आरोळी येई, "बाई आल्या!" पुण्यात वाढलेल्या माणसाच्या कानावर हे शब्द पडले की त्याचे हात आपोआप खरकटी भांडी गोळा करायला लागतात. पहिले दोन रविवार मी पातेली घेऊन मोरीकडे धावलो. बाई कुठेच नव्हत्या. दिलीप साळुंके लॅपटॉपसमोर बनियनवर बसला होता आणि पडद्यावर एक कृष्णवर्णीय मोलकरीण चहाचा ट्रे घेऊन येत होती.

साळुंके माझा फ्लॅटमधला भागीदार. पाया लेबारच्या एका कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायचा. घरी आल्यावर माझ्या काढायचा. उरलेल्या वेळात तो ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचे अमेरिकन सिनेमे पाही, म्हणजे त्यांत मोलकरणीचं काम करणारी तीच एक नटी पाही. नायिका रडायला लागली की म्हणे, "ढकल पुढे." नायक घोड्यावर बसला, ढकल पुढे. दोन तासांचा सिनेमा हा माणूस चार मिनिटांत संपवी आणि वर "काय काम केलंय!" म्हणून मांडीवर थाप मारी.

बाईंची सगळी कारकीर्द त्याला तोंडपाठ होती. त्या मूकपटात आल्या तेव्हा त्यांच्या वर्णाच्या बायकांना स्टुडिओच्या दारातही उभं करत नसत. बाई आत शिरल्या आणि टिकल्या, पण आयुष्यभर स्वयंपाकघरातच. पडद्यावर मोलकरीण, आणि सिनेमा नसला की खरोखरच कुणाकडे तरी मोलकरीण. "कपडेसुद्धा बदलायला लागत नसतील," साळुंके म्हणे. एका सिनेमात त्या नायिका होत्या म्हणे. तेवढा एकच नेमका हरवला.

मी एकदा त्यांचं नाव विचारलं. साळुंके खवळला. "सिनेमावाल्यांनी नावांच्या पाटीवर त्यांचं नाव दिलं नाही, मी तुला फुकट देऊ? दहा सिनेमे बघ, बाईंना ओळखून दाखव, मग सांगतो." मी तिसऱ्या सिनेमात झोपलो, त्यामुळे वाचकांनाही ते नाव मी देऊ शकत नाही.

आपल्याखेरीज आणखी कुणीतरी बाईंचं काम बघावं, एवढीच त्याला तळमळ. ऑफिसात त्यानं दोघांना बसवून पाहिलं, दोघांनी टीम बदलून घेतली. शेवटी मराठी मंडळाच्या मंजिरीताईंच्या मागे लागून त्यानं एक शनिवार मिळवला. विषय त्यानं स्वतःच लिहून दिला, आणि ताईंनी तो जसाच्या तसा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला : 'बाई : शोध आणि ओळख. वक्ते : दि. साळुंके.'

जुरोंग ईस्टच्या एका कॉन्डोतली, म्हणजे बड्या सोसायटीतली, फंक्शन रूम चिक्कार भरली. सिंगापूरच्या मराठी माणसाला साहित्य-संगीत टाळता येतं, पण घरकामाला चांगली हेल्पर कुठे मिळते हे ऐकायला तो जुरोंगपर्यंतही येतो. पहिल्या रांगेत वह्या उघडल्या होत्या. साळुंकेला भरून आलं.

"बाई फिलिपिनो की इंडोनेशियन?" एका काकांनी विचारलं.

"अमेरिकन."

खोलीत चुळबुळ झाली. "परवडतात?"

"त्या काळी फार स्वस्तात राबवलं हो त्यांना!" साळुंके कळवळून म्हणाला.

"पण चपात्या येतात का?"

साळुंकेनं क्षणभर गंभीरपणे विचार केला. "लाटणं पाहिलंय हातात. पुढचा शॉट कापलाय."

घोटाळा उलगडला तशी माणसं पार्किंगचं कारण काढून सटकू लागली. उरलेल्यांसमोर साळुंकेनं घाईघाईनं आपला आवडता तुकडा लावला. मालकीण पत्र वाचून सोफ्यावर बेशुद्ध पडते. बाई ट्रे घेऊन येतात. बघतात. आधी ट्रे नीट टेबलावर ठेवतात, त्यावरचा रुमाल सरळ करतात, आणि मग किंचाळतात.

मागून कुणीतरी खो खो हसलं. मंजिरीताईंची हेल्पर सिती, त्यांच्या लेकीला मांडीवर घेऊन दाराशी बसली होती.

"सिती, श्श!" ताई म्हणाल्या.

"ताई, हसू द्या त्यांना," साळुंके म्हणाला.

सितीनं तोंडावरचा हात जरा काढला. "सर, वन मोर टाइम, कॅन?"

"कॅन, कॅन!" साळुंकेनं पहिल्या रांगेतली खुर्ची पुसून तिला बसवलं आणि तो तुकडा तीनदा लावला. तिन्ही वेळा ती किंकाळीच्या आधीच, रुमालापाशी हसली. साळुंके पडद्याकडे पाहतच नव्हता, तिच्याकडे पाहत होता.

परतताना एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, प्लॅटफॉर्मवर मी त्याची खेचली. "साळुंके, चाळीस माणसं बोलावलीस आणि हसली एक."

"रुमालाला हसली ना? झालं तर." मग तो म्हणाला, "माझी आई लोकांकडे बाई होती रे. चार घरं."

दोन वर्षं एका छपराखाली काढून मला हे माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

"आठवीत एका मित्राच्या वाढदिवसाला गेलो. बंगला. आई त्याच घरी काम करते हे मला ठाऊक नव्हतं. ती बशांचा ट्रे घेऊन आली. मी मान खाली घातली, जोश्या. ओळख दाखवली नाही."

"आणि आई?"

"तिनं सगळ्या पोरांना बशा दिल्या. माझ्यासमोर आली, बशी ठेवली आणि म्हणाली, 'घ्या.' मला. स्वतःच्या पोराला, 'घ्या.' घरी आल्यावरही तो विषय कधी काढला नाही."

गाडी येऊन दारं उघडली, तरी आम्ही दोघं तिथंच उभे.

"इतकं चोख काम मी अजून पडद्यावर पाहिलं नाही," साळुंके म्हणाला. "आणि पाहायला हवं होतं, तेव्हा मी बशीत बघत होतो."