चाकाखालची चार लिंबं

एका जंगलात माकडांना झाडावर चढायची बंदी होती. हसू नका रे मुलांनो, हुकूमच तसा होता. आदल्या वर्षी एक माकड जांभळावरून पडलं आणि त्याची शेपटी मोडली. तेव्हा अस्वलमहाराजांनी दवंडी पिटवली, की यापुढे उंचावरचं काम यंत्राशिवाय करायचं नाही.

मग यंत्र आलं. चार चाकं, वर लांब लोखंडी हात, हाताच्या टोकाला उभं राहायला पिंजरा. कागदावर त्याला बूम लिफ्ट म्हणत, जंगलात सगळे पाळणा म्हणत. पाळणा राजवाड्यापुढे उभा असे. माकडं त्याच्या सावलीत बसून खाली पडलेली जांभळं खात. त्यांची पोटं सुटत चालली होती.

अशात एके दिवशी सगुणाबाई गिधाडीण दरबारात आली. तीन कोसांवर, घाटापलीकडे एका वाळक्या सावरीवर तिचं घरटं होतं. बुंधा वाळवीने पोखरलेला. झाड आज पडेल की उद्या, सांगता येत नव्हतं. आणि घरट्यात एकुलतं एक अंडं.

"महाराज, मला काही ते चोचीत उचलता येत नाही. एखादं माकड पाठवा. पाच मिनिटांचं काम आहे."

"म्हणजे नियम मोडायचा?" महाराज दचकले. "छे छे! पाळणा पाठवू."

पाळणा ट्रेलरवर चढवून न्यायचा ठरला. ट्रेलर ओढायला खंडू रेडा आणि बांधाबांधीला गोदाक्का घोरपड.

गोदाक्काने बांधलेला माल आजवर रस्त्यात हलला नव्हता. घोरपडीची पकडच ती. पण घोरपडींची जात अंडीचोर म्हणून बदनाम. गोदाक्काने लहानपणी दोन-चार खाल्ली होती, नाही असं नाही. आता तिला नातवंडं झाली, तरी ती दिसली की टिटव्या अंड्यांवर बसकण मारत. हे अंडं सुखरूप खाली आलं तर कपाळावरचा तेवढा डाग जाईल, असं तिला फार वाटत होतं. दुसरं काही नको होतं बिचारीला.

सकाळी सपाट जागा बघून तिने ट्रेलर उभा केला. पाळण्याचा हात खाली घेऊन दुमडला. पिंजऱ्यात कुणी बसलेलं नाही ना, ते डोकावून पाहिलं. पाळणा फळ्यांवरून सरळ वर चढवला, किल्ली काढून घेतली, चारी चाकांना दगड लावले. मग सांगाड्याच्या कड्यांतून साखळ्या ओवून दातांनी ताणल्या.

"खंडू, जरा धडक दे बघू."

रेड्याने धडक दिली. पाळणा ढिम्म हलला नाही.

"कोसभर गेलो की थांबायचं. साखळ्या सैल पडतात, पुन्हा आवळाव्या लागतात."

"थांबू की आक्का. मलाही तेवढाच दम खाता येईल."

तेवढ्यात वाजतगाजत मयूरपंत आले. पंत म्हणजे जंगलाचे सुरक्षा अधिकारी. डोक्यावर पिवळं हेल्मेट, आणि तुरा दिसावा म्हणून हेल्मेटला वर भोक पाडलेलं.

"हात खाली का?" पंतांनी विचारलं.

"वाटेतल्या फांद्यांना लागेल म्हणून."

"मग झेंडा कुठे लावायचा?"

किल्ली पंतांकडे गेली, हात वर गेला आणि टोकाला झेंडा फडकला. झेंड्यावर लिहिलं होतं, 'सुरक्षा सप्ताह'.

"या साखळ्या कशाला?"

"पाळणा घसरू नये म्हणून."

"आणि माझं स्वागत करायला आलेली जनता पुढे घसरली म्हणजे? काढा त्या. रस्त्याच्या कडेला लावा."

साखळ्यांच्या जागी पंतांनी देवळातला लाल दोरा गुंडाळला. चांगले पाच वेढे दिले, कंजुषी केली नाही. मग त्यांचं लक्ष चाकांकडे गेलं आणि पिसाराच मिटला.

"नव्या यंत्राच्या चाकाखाली दगड? अरे, लिंबू कुठाय लिंबू?"

दगड गेले. चार चाकांखाली चार लिंबं आली.

"पंत, लिंबू पूजेला ठीक आहे," गोदाक्का म्हणाली. "चढावर दगडच लागतो. पाहिजे तर दोन्ही ठेवा."

"बाई, मला शास्त्र शिकवू नकोस. तू अंड्यापासून लांब राहा, म्हणजे झालं!"

सगळी जनता खो खो हसली. सगुणाबाई हसली नाही, पण तिने मान दुसरीकडे वळवली. गोदाक्काला हसण्यापेक्षा ते जास्त लागलं.

पंत हात हलवायला पिंजऱ्यात चढले आणि मिरवणूक निघाली. कोसभरावर कुणी थांबलं नाही. आवळायला होतं काय?

घाटाचा शेवटचा चढ लागला. लिंबं पचकन फुटली. वरचा हात वडाच्या फांदीला अडकला, पाळणा मागे सरकला आणि लाल दोऱ्याने कुणालाही न कळवता राजीनामा दिला. पंत केकाटत उडाले ते थेट वडावर जाऊन बसले. पाळणा झेंड्यासकट दरीत गेला.

"हलकं लागतंय," खंडू मागे न बघताच म्हणाला. "कुणी उतरलं का?"

पंतांनी हेल्मेट सरळ केलं. "जीवितहानी नाही. सप्ताह यशस्वी! आता चौकशी समिती नेमू."

समिती तिथेच वडाखाली बसली. चहा आला.

समोरच्या उतारावर सावर करकरली.

"अरे, माझं अंडं!" सगुणाबाई ओरडली. "चढा रे कुणीतरी!"

मिरवणुकीत आलेल्या माकडांनी पंतांकडे पाहिलं. पंतांनी नियमाकडे पाहिलं. मग माकडांनी आपापल्या पोटांकडे पाहिलं आणि ती खाली बसली.

गोदाक्का मात्र धावली. सरसर वर गेली, घरट्यात शिरली, अंडं तोंडात घेतलं. जन्मभर घट्ट धरायला शिकलेल्या जबड्याला आज सैल धरायचं होतं. जिभेला जुनी चव आठवली. तिने डोळे मिटले आणि उलटी खाली उतरली. पाय जमिनीला लागले, चार पावलं झाली आणि मागे झाड कोसळलं.

तिने अंडं सगुणाबाईपुढे ठेवलं. एक चरासुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. गोदाक्कावर दोन आरोप होते. यंत्राशिवाय झाडावर चढणे आणि अंडं तोंडात घेणे.

"अंडं हिच्या तोंडात होतं का?" महाराजांनी सगुणाबाईला विचारलं.

"होतं, पण महाराज..."

"पुरे," पंत म्हणाले. "साक्ष झाली."

गोदाक्काचं काम गेलं. टिटव्यांनी एकमेकींना सांगितलं, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? मयूरपंतांना सुरक्षा पदक मिळालं. समितीचा अहवाल आला, की लिंबं आकाराने लहान होती, यापुढे कोहळे ठेवावेत. नवा पाळणा मागवला.

पिल्लू बाहेर आलं, मोठं झालं, शाळेत गेलं. तिथे त्याला धडा होता, 'पाळण्याने वाचवलेले अंडे'. त्याने तो घडाघडा पाठ म्हणून दाखवला. घरी सगुणाबाई ऐकत होती. तिने मान दुसरीकडे वळवली.

तात्पर्य: मुलांनो, चाकाखाली दगड कधी लावू नये. दगड लावला की काही घडत नाही, आणि काहीच घडलं नाही तर पदक कशाचं देणार? लिंबू लावावं. आणि कुणाचं अंडं पडताना दिसलं, तर तोंड रिकामं ठेवावं. भाषणाला लागतं.