शाडूचा फोन

आमच्या पेणच्या आळीत पहिला फोन आला तो मोरूनानांकडे, आणि तो शाडूचा होता.

खऱ्या फोनचा अर्ज करून वर्षं लोटली, तेव्हा नानांनी कारखान्यात उरलेल्या मातीचा फोनच घडवला. काळा रंग, वर वार्निशचा हात, तबकडीला दहा भोकं, आणि प्रत्येक भोकात मूर्तीचे डोळे आखायच्या कुंचल्याने काढलेला आकडा. दारातल्या स्टुलावर तो ठेवला आणि वर विणलेला रुमाल टाकला. कोणी विचारलं की नाना गंभीरपणे सांगत, "फोन हाय. लाईन यायची बाकी हाय."

पुढे हे वाक्य सगळ्यालाच लागू झालं. भात कच्चा राहिला, लाईन यायची बाकी. नाना साठीचे आणि बिनलग्नाचे. लग्नाबद्दल कोणी छेडलं, तरी उत्तर तेच.

मी त्यांचा शेजारी. माझाही मूर्तींचाच कारखाना, भिंतीला भिंत लागून. खरं सांगतो, मी या माणसावर जळायचो. डोळ्यांची आखणी मीही करतो, पण मुंबईचे व्यापारी माझ्या मूर्तींना 'छान' म्हणायचे आणि नानांच्या मूर्तींपुढे चपला काढायचे. फोनचा अर्जसुद्धा आम्ही एकाच रांगेत भरला, तर नानांचा नंबर माझ्यापेक्षा एकाने आधी. का, तर मी मध्येच चहा प्यायला गेलो होतो! इतकंच काय, त्या शाडूच्या फोनचाही मला हेवा वाटायचा. येणारं गिऱ्हाईक तो बघायला आधी तिकडेच थांबायचं.

मग सरकारचं नवं धोरण आलं, मागेल त्याला फोन. नानांनी पेपरातलं कात्रण शाडूच्या फोनखाली ठेवलं आणि मला हाक मारली.

"वसंता, सरकार बोललाय. आता लाईन आलीच समज."

"आधी तुमचीच येणार."

"व्हय. मंग तुझी."

ते 'मंग तुझी' मला आठवडाभर झोंबत राहिलं.

गरज खरी माझी होती. आमची सुमन रोह्याला दिलेली. पहिलंच बाळंतपण, पण डॉक्टरांनी प्रवास नको म्हटल्यामुळे ती सासरीच. तिच्याकडे फोन होता. तिची आई रोज बूथवर रांग लावायची आणि लाईन लागली नाही की रडत परत यायची. "एकट्या जिवाला फोन हवा कशाला?" असं मी एकदा भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो.

आणि एका सकाळी लाईनमन आला. आळीच्या खोक्यात तारांची एकच जोडी शिल्लक होती. म्हणजे एकच फोन, आणि तो नानांचा. मी पायरीवर कुढत बसलो. बघतो तर नानांच्या दाराला कुलूप! ज्या दाराला कधी साधी कडी लागली नाही, त्याला कुलूप! लाईनमन मागच्या अंगाला फेरी मारून आला आणि थेट माझ्याकडे वळला. दार बंद असेल तर फोन पुढच्या नंबराला, आणि बंद दारवाला यादीच्या तळाशी, असा नियमच होता. मला इतका आनंद झाला की त्याच्या चहात मी दोनदा साखर टाकली.

संध्याकाळी नाना आले. मी पेढा पुढे केला.

"नेमके आजच कुठे गेलात, नाना?"

"कासूला," नाना पेढा चघळत म्हणाले. "आपली लाईन यायची बाकी हाय."

चौथ्या दिवशी रोह्याहून फोन आला. सुमनला मुलगी झाली होती, दोघी सुखरूप. आमची ही रिसीव्हर धरून रडत होती आणि पलीकडून नाना भिंत ठोकून विचारत होते, "काय झाला? अरे, काय झाला?"

दोन पावसाळ्यांनी फोन बिघडला, तेव्हा तोच लाईनमन आला. काम आटोपून चहा पिताना म्हणाला, "नानांचा अजून नाय आला? त्या दिवशी मागच्या दारी उभे होते की, किल्ली हातात. मला म्हणाले, 'कुलूप हाय म्हणून लिही.' मी बोललो, तुमचा नंबर तळाला जाईल. तर म्हणतात, 'त्याच्या पोरीचे दिवस भरलेत. मला कोन फोन करनार हाय?'"

मी तसाच उठून शेजारी गेलो. नाना आखणीला बसले होते. मी फोनवरचा रुमाल उचलला. तबकडीच्या मधोमध, जिथे आपला नंबर लिहितात, तिथे माझा नंबर होता.

"कोनी मागितला तर द्यायला," नाना मान वर न करता म्हणाले. "पर कोनी मागितला नाय."

मला माझीच लाज वाटली. घरी येऊन मी सुमनला फोन लावला, सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आता ठेव, आणि तू लाव." घंटा वाजली तशी मी भिंत ठोकली.

"नाना, तुमचा फोन!"

हात धोतराला पुसत नाना आले. ओली मूर्ती उचलावी तसा त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी उचलला. "व्हय... व्हय..." एवढंच म्हणत राहिले. मग सुमनने पोरीला फोनवर घेतलं असावं. ही पोर फोनवर माझ्याशी आजवर एक अक्षर बोललेली नाही. नानांनी रिसीव्हर माझ्या कानाजवळ धरला.

"नाना," पोर म्हणत होती. "नाना, नाना, नाना."

नाना डोळे पुसत होते, आणि मी शेजारी उभा राहून पुन्हा जळत होतो.