पान लागलं

साप ओळखण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या प्रताप नगरात नव्हता! वाचनालयातलं सापांचं पुस्तक मी चित्रांसकट पाठ केलं होतं. करणं भागच होतं. आमचं नवं घर काळ्या मातीच्या रिकाम्या प्लॉटांमध्ये एकटं उभं, आणि बायकोनं, प्रेमिलानं, बजावून ठेवलेलं, "या घरात एक जरी विषारी साप निघाला, त मी गांधीबागच्या खोलीत परत जाईन." ती जुनी भाड्याची खोली अजून सोडली नव्हती. तिथं पाय पसरले की भिंतीला लागत. तेव्हा घरात निघणारा प्रत्येक साप बिनविषारी असणं ही माझी जबाबदारी होती!

त्या रविवारी सकाळी न्हाणीतल्या कोळशाच्या ढिगातून काळ्या अंगाचं, पांढऱ्या पट्ट्यांचं एक टोक बाहेर आलं. असे दिसणारे दोन. एक मण्यार, जी चावलेली कळतसुद्धा नाही आणि माणूस झोपल्यासारखा जातो. दुसरा कवड्या, जो बिचारा पाली खाऊन राहतो. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक, शेपटीकडे पुसट. मण्यारीचं बरोबर उलट. समोरच्या टोकाला पट्टे चांगले ठळक होते. कवड्या! मी त्याला चिमट्यानं धरलं, डोळे गच्च मिटले, लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत सोडलं, झाकण लावलं आणि बरणी बाहेर पायरीवर आणून ठेवली.

चार प्लॉट पलीकडचे शेजारी रुपराव येऊन पाहत होते. खूश होऊन त्यांनी आपल्या डब्यातलं तंबाखूचं पान माझ्या तोंडात कोंबलं. मी जन्मात तंबाखू खाल्ली नव्हती! चुन्यानं जीभ भाजली, दरदरून घाम फुटला आणि मी बरणीशेजारी पायरीवर मटकन बसलो.

रुपरावांनी दारातून आवाज दिला, "वहिनी, आनंदरावले पान लागलं."

झालं! त्यांच्या म्हणण्याचा अर्थ, तंबाखूनं चक्कर आली. पण आत होत्या आमच्या सासूबाई, रुखमाबाई. त्यांच्या खेड्यात सापाचं नाव तोंडी आणत नाहीत. साप चावला तरी पान लागलं, एवढंच म्हणतात. त्या धावत आल्या, बरणी पाहिली, मला पाहिलं आणि अंगणातल्या कडुलिंबाचा पाला ओरबाडून माझ्या तोंडात भरला.

"कडू लागून राहिलं का, जवाईबुवा?"

भाजलेल्या जिभेला काय कडू आणि काय गोड! मी प्रामाणिकपणे नकारार्थी मान हलवली.

सासूबाई तिथंच खाली बसल्या. "चढलं वं प्रेमिला."

पाला कडू लागत नाही म्हणजे विष चढलं, हा त्यांच्याकडचा पक्का दाखला. मी बोबड्या जिभेनं "पान, पान" म्हणून समजावू लागलो, तशी रडारड दुप्पट झाली! रुपरावांनी तरी खुलासा करावा? तर पाल्याचं ऐकून तेच घाबरले. धरताना दात लागला असंन गा, म्हणत सायकलरिक्षा आणायला पळाले.

एका रिक्षात मी आणि प्रेमिला, मागच्या रिक्षात रुपराव, सासूबाई आणि बरणी, अशी आमची वरात धंतोलीच्या दवाखान्यात निघाली. वाटभर प्रेमिलानं माझा हात सोडला नाही. तिचे डोळे पाहून या गोंधळाचा माझा राग पार विरघळला. इतकी माया असेल असं मला वाटलं नव्हतं.

डॉक्टरांनी अंग तपासलं. दाताची खूण कुठंच नाही. मग माझ्या तोंडाचा वास घेतला आणि हसून म्हणाले, "तंबाखू लागली आहे यांना."

माझी जीभ एव्हाना वळू लागली होती. "मी तेच सांगत होतो! साधा कवड्या आहे तो."

डॉक्टरांनी बरणी उजेडात धरली, आणि अगदी हळू टेबलाच्या पार त्या टोकाला ठेवली.

"ही मण्यार आहे," ते म्हणाले. "तुम्ही मान समजून शेपटी पाहिलीत."

माझ्या पापण्या जड होतात का, ते पाहायला त्यांनी मला दिवसभर खाटेवर ठेवून घेतलं. शेवटी मीच ओशाळून प्रेमिलाला विचारलं, गांधीबागेतली खोली झाडून घ्यायला सांगू का?

"सांगा," ती म्हणाली. "घर चांगलं आहे, मी तिथून कुठीच जात नाही. साप निघाला का तेवढं तुम्ही गांधीबागले जात जा."