खंडूतात्यांचा डावा दिवा

कुणाची नवी गाडी दारात आली, हार घातला, नारळ फुटला, पेढा तोंडात पडला, की खंडूतात्या पुढे होतात आणि म्हणतात, "बॉनेट उघडा." मालकाला वाटतं, जाणता माणूस आहे, इंजिनाचं कौतुक करणार. तात्या इंजिनाकडे ढुंकूनही बघत नाहीत. बाही कोपराच्या वर सारतात आणि पुढच्या दिव्याच्या मागे हात घालतात. हात मनगटापर्यंत गेला, तर "गाडी मानसाची हाय" म्हणून दुसरा पेढा घेतात. नाही गेला, तर पहिला पेढा तोंडात असतानाच निकाल देतात, "फशिवलं तुमाला."

माझ्या गाडीच्या वेळी त्यांची चार बोटं कशीबशी आत गेली आणि अंगठा बाहेर राहिला. बायको हळदीकुंकवाचं ताट घेऊन शेजारी उभी होती. तात्यांनी हात बाहेर काढला, धोतराला पुसला आणि तिच्यादेखत मला विचारलं, "माघारी घेत्यात का?"

तात्या माझे घरमालक. मोशीच्या पुढे, चाकणच्या रस्त्याला त्यांची तीन मजली इमारत आहे. खाली ते आणि हौसाकाकू, वर आम्ही भाडेकरू. मुलगा हिंजवडीत नोकरीला आणि पिंपळे सौदागरला राहायला. तो एखाद्या रविवारी येतो तोही पाहुण्यासारखा, गाडी रस्त्याच्या दिशेला तोंड करून लावतो. तात्यांची जमीन कंपन्यांसाठी गेली, तिचे पैसे आले, त्यातून ही इमारत उभी राहिली. जमिनीबद्दल ते कधी रडगाणं गात नाहीत. त्यांचा राग वेगळाच आहे.

"आमी समदं रान दिलं त्यास्नी," ते म्हणतात. "हरभऱ्याचं दिलं, उसाचं दिलं. आन् त्यांनी आमाला हात घालाया वीतभर जागा ठिवली न्हाई! ह्याला अक्कल म्हनायची का?"

हे सगळं ते मला ऐकवतात, कारण मी चाकणला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. आम्ही गाडीच्या सीटमधला फोम बनवतो. हे मी त्यांना अनेकदा सांगितलं आहे. "फोम ऱ्हाऊ द्या," ते म्हणतात. "बसायला मऊ केलं म्हंजी मानूस इचारायचा न्हाई, व्हय ना? दिव्याचं बोला." त्यांच्या लेखी जगातल्या सगळ्या गाड्या मी एकट्याने, मुद्दाम, त्यांचा पंजा नजरेसमोर ठेवून बनवल्या आहेत.

पंजाही साधा नाही. नांगर, मोट आणि बैलांच्या वेसणी धरून झालेला तो हात आहे. भाकरी त्यात पुरीसारखी दिसते.

तर गेल्या थंडीत तात्यांच्या स्वतःच्या गाडीचा डावा दिवा गेला. एरवी शेजारच्या गल्लीतला दिवा गेला तरी तात्या तावातावाने बोलतात. इथे तर घरचाच दिवा. त्यांनी बल्ब आणला, गाडीबरोबर आलेलं पुस्तक माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "वाचा."

मी वाचलं. बल्ब बदलण्यासाठी अधिकृत केंद्राशी संपर्क साधावा, असं त्यात होतं.

"म्हंजी पुस्तक कशाला दिलं?"

आम्ही केंद्रात गेलो. काउंटरवरच्या मुलाने नम्रपणे सांगितलं, "काका, याला पुढचा बंपर उतरवावा लागतो. गाडी सोडून जा, परवा संध्याकाळी मिळेल."

तात्यांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. "बाबा, तुझ्या डोळ्यात कुसळ गेलं, तर मुंडकं उतरवून ठिवतोस का? परवा घिऊन जा म्हनतोस का?"

मुलगा हसला. तात्या हसले नाहीत. "सांजच्याला गाडी लागती मला," ते म्हणाले आणि वळले. परतताना मी म्हटलं, "तात्या, दोन संध्याकाळींचा तर प्रश्न आहे. कुठे जायचं असेल तर माझी गाडी घ्या." "तुमच्या गाडीचं नाव काढू नका," ते म्हणाले. एवढ्यावर विषय संपला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. जेवणं झाल्यावर तात्यांनी अंगणात गाडी लावली, बॉनेट उघडलं आणि युद्ध सुरू झालं. डाव्या दिव्याच्या मागे बॅटरी, बॅटरीच्या अंगाला पाण्याच्या बाटलीची मान, आणि त्यांच्यामध्ये जी फट उरली होती तिच्यातून मांजर गेलं असतं, पण नाखुशीने. मला काम होतं टॉर्च धरण्याचं आणि शिव्या ऐकण्याचं.

"ह्यो रबराचा टोप निघाला," तात्या म्हणाले. पाच मिनिटांनी म्हणाले, "तार सोडवली." मग जुना बल्ब निघाला. मी टाळी वाजवणार होतो, पण त्यांनी नजरेनेच थांबवलं. नवा बल्ब मी फडक्यात धरून त्यांच्या बोटांत दिला आणि सांगितलं, "काचेला बोट लागू देऊ नका, बल्ब लवकर जातो."

"बोट लावू नका!" तात्या कडाडले. "बोट जातंय कुठं लावायला? आधी हात जायला जागा द्या, मंग काय लावू नका ते सांगा!"

या आवेशात हात आत गेला आणि बल्ब त्यांच्या बोटांच्या टोकावरून घसरला. तात्यांनी तो आतल्या आत मुठीत पकडला. आणि तिथेच घोटाळा झाला. सरळ बोटं आत गेली होती, ती वळलेली मूठ बाहेर येईना.

"मूठ सोडा, तात्या."

"बल्ब पडंल की खाली."

"पडू द्या. दुसरा आणू."

"पडला म्हंजी हरलो. त्यास्नी त्येच पायजे."

म्हणजे कंपनीला. कंपनीतली माणसं त्या वेळी आपापल्या घरी झोपली असणार, पण तात्यांना ती सगळी गाडीच्या पोटात दबा धरून बसलेली दिसत होती.

अर्धा तास तात्या बॉनेटखाली वाकून उभे होते. बातमी पसरायला अंगण पुरेसं असतं. पहिल्या मजल्यावरचे जाधव आले, त्यांनी साबणाचं पाणी सुचवलं. कोपऱ्यावरचा दुकानदार आला, त्याने गोडेतेल आणलं. तेल मनगटावरून ओघळून बॅटरीवर गेलं, मूठ होती तिथेच राहिली. कुणीतरी बॅटरी काढायची म्हणालं. तिचा बोल्ट नेमका तात्यांच्या दंडाखाली होता. तात्या वाकल्या वाकल्या एकेकाला सुनावत होते, "बघा, बघा! रस्ते ह्यांना पायजेत, पानी ह्यांना पायजे, लाइट ह्यांना पायजे. आमाला एक दिवा लावायचा तर हात कापून द्या म्हनत्यात!" राग खरा होता. पण मला त्यांच्या कपाळावरचा घाम दिसत होता, आणि ते दर दोन मिनिटांनी मान वाकडी करून आभाळाकडे बघत होते, ऊन किती उतरलं ते.

गलका ऐकून हौसाकाकू भिंतीला हात लावत बाहेर आल्या. काचबिंदूने त्यांची बरीचशी नजर नेली आहे. समोर माणूस उभा आहे एवढं कळतं, कोण ते आवाजावरून.

"अवो, काय झालं?"

"काय न्हाई. तू आत जा."

"हात अडकलाय म्हनं."

"अडकला न्हाई. मी ठिवलाय."

काकूंनी मला विचारलं, दुसरीकडून वाट आहे का. मी चाकाच्या वरच्या कमानीतली प्लॅस्टिकची झडप बघून ठेवली होती, पण माझाही हात तिथून कोपराशी अडत होता. मी स्टिअरिंग पूर्ण वळवलं, चाक बाजूला झालं. काकूंनी बारदान मागवलं, त्यावर बसल्या, बांगड्या वर सारल्या आणि झडपेतून हात घातला.

"काकू, आतलं काही दिसत नाही हो," मी म्हटलं.

"तुमाला दिसत व्हतं, तर काय केलंसा?" काकू शांतपणे म्हणाल्या. "अडलेली वासरं काढलीत मी गाईची. तितं कुनी टॉर्च धरला व्हता?"

त्यांचा हात खांद्यापर्यंत आत गेला. वर तात्या, खाली काकू, मध्ये गाडी. एकमेकांची तोंडं दिसत नव्हती.

"गावला," काकू म्हणाल्या. "सोडा आता."

"धरलास का नीट?"

"धरलाय. सोडा."

ज्या माणसाने अर्ध्या गल्लीचं ऐकलं नव्हतं, त्याने मूठ सोडली. हात बाहेर आला, लालबुंद, तेलाने माखलेला. तात्यांनी तो झटकलाही नाही. ते तसेच बॉनेटवर वाकून आत बघत राहिले आणि काकूंना सांगू लागले, "त्याला एक दात हाय. वरच्या अंगाला खाच आसंल, तितं बसव. मंग तार आडवी घे." त्यांचा असा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आत खट्ट झालं. मी बटण दाबलं आणि समोरच्या भिंतीवर दोन सारखे उजेड पडले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तात्या लगेच पूर्ववत झाले. "टाळ्या कसल्या वाजिवता? एका दिव्याला दोन म्हातारी आन् एक इंजिनिअर लागला! ह्याला अक्कल म्हनायची का?" मग हात धुऊन माझ्याकडे वळले. "बसा मागं. ट्रायल घिऊ."

दिवस मावळत होता. काकू पुढे, डाव्या बाजूला बसल्या. पट्टा त्यांना तात्यांनीच लावून दिला. गाडी कंपन्यांच्या रस्त्याला लागली. दोन्हीकडे लांबच लांब भिंती, मध्ये उभे ट्रेलर, शिफ्ट सुटलेल्या बस.

"आज माझ्या अंगाला बी उजेड हाय," काकू म्हणाल्या.

"व्हय. काल अंधार व्हता तुझ्याकडं," तात्या म्हणाले.

एका वळणावर काकूंनी विचारलं, "शीव आली का?"

"आली. आता बांधाबांधानं चाललोय."

मी बाहेर बघितलं. भिंत होती, तिच्यावर काटेरी तार होती.

"आंबा?"

"हाय की. औंदा मोहर चांगला धरलाय."

"आन् हीर?"

तात्यांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली. ती दोघं आपल्या विहिरीबद्दल बोलत होती. ती बुजवून तिच्यावर गोडाऊन उभं राहिलं, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. काकूंनीच मला एकदा चहा देताना सांगितलं होतं, माती टाकायचं काम चाललं होतं तेव्हा ती दोघं दिवसभर तिथे उभी होती म्हणून. आता आमच्या पुढे गोडाऊनचं निळं शटर होतं आणि त्यावर गाडीचा उजेड पडला होता.

"हीर बी हाय," तात्या म्हणाले. "काठोकाठ भरलीया."

काकूंनी आपल्या बाजूची काच खाली केली आणि तोंड बाहेर वळवलं. "पानी हालतंय का वो?"

तात्यांनी शटरकडे बघितलं. घाई न करता, खरंच बघून सांगावं तसं.

"हालतंय," ते म्हणाले. "वारा हाय ना."