बेडकाला केस आल्यावर

गाय अडलेली असो की म्हशीला ताप असो, रंगनाथ आबा आधी म्हण सांगतात, मग सुई काढतात. म्हण तीही स्पेनची.

"तिकडं काय म्हनतेत म्हाईत हाय का? बैलाला शिंगालाच धरावं."

"आबा, तुमी शेपटाला धरा, पन आधी इंजेक्शन द्या!" शेतकरी वैतागतो.

आबा म्हणजे तलवाड्याच्या जनावरांच्या दवाखान्यातले मलमपट्टी करणारे निवृत्त ड्रेसर. मी त्यांचा शेजारी, आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. गेवराईला कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवतो. दिवसभर घसा कोरडा करून, एसटीत उभं राहून घरी यावं, तर ओट्यावर आबा बसलेले. मांडीवर लसीकरणाचं जुनं रजिस्टर.

"सर, याला इंग्रजीत काय म्हनतेत?"

आबांचा मुलगा स्पेनमध्ये हॉटेलात स्वयंपाकी आहे. बायको तिथलीच केली. नात सहा वर्षांची, तिला मराठी येत नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ती आजोबांना जनावराची एक म्हण सांगते, मुलगा शब्दाला शब्द लावून देतो, आबा रजिस्टरात उतरवतात. सुनेला इंग्रजी येतं, म्हणून तिला सांगायला जोडीची इंग्रजी म्हण माझ्याकडून. 'मला येत नाही' असं मी आबांना कधी म्हटलेलं नाही. अडलं की आत जातो, मोबाईलवर बघतो आणि पाणी पिऊन आल्यासारखा बाहेर येतो. घराण्यातल्या पहिल्या ग्रॅज्युएटला अडून चालत नाही.

जोड सांगितली की आबांचा पंचनामा सुरू. "मांजराला स्पेनमदी सात जीव, इंग्रजांकडं नऊ. दोन कावून वाढले? कुनी तपासलं?" हातातलं एक पाखरू स्पेनमध्ये उडत्या शंभरांपेक्षा बरं आणि इंग्रजीत झुडपातल्या दोघांपेक्षा, हे ऐकून म्हणाले, "इंग्रज लई कंजूष." 'शेळीसारखा येडा' ही म्हण तर त्यांनी लाल पेनानं खोडली. "ज्यानं केली त्यानं शेळी पाळलीच न्हाई."

शेळीच्या बाबतीत ते हळवे आहेत. नात आली की खेळेल म्हणून त्यांनी एक करडू राखलं होतं. ते करडू आता दोनदा व्यालंय.

परवा सोमवारी मी अगदी गळून आलो. आबा ओट्यावर होतेच.

"सर, 'बेडकाला केस आल्यावर.' इंग्रजीत?"

ही मला पाठ होती. इंग्रजीत डुकरं उडतात तेव्हा. म्हणजे कधीच नाही. सांगणार, तेवढ्यात सहज विचारलं, "ही कशावरून निघाली?"

"मी इचारलं, बाळे, गावाला कधी येनार? ती आईला इचारून आली अन् हे म्हनली. पोरानं शब्द लावून दिले, मग म्हनला रेंज न्हाई, अन् फोन ठेवला."

पलीकडं त्यांच्या अंगणात शेळी खुंट्याला अंग घासत होती. मी पाणी प्यायला आत गेलो नाही.

"आबा, ही मला येत नाही."

आबांनी रजिस्टर मिटलं.

"सर, चाळीस वर्षं जनावरं बघितली. बेडकाला केस येत न्हाईत, म्हाईत हाय मला." उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. "इंग्रजीत तरी काही निराळं असंल, म्हनून इचारलं."