कार्डांची पूजा

आश्विनातले सकाळचे ऊन काळेवाडीत घाईने येत नाही. आधी ते समोरच्या चाळीच्या पत्र्यावर काही वेळ नुसते बसून राहते. मग वाळत घातलेल्या निळ्या कारखानी शर्टांवरून हळूहळू उतरत खिडकीच्या गजांपाशी येते आणि तिथे पुन्हा थबकते, आत यावे की न यावे असा विचार करत असल्यासारखे. आत आल्यावर ते पहिल्यांदा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कडेला लागते, नंतर पितळी डब्यांच्या झाकणांना, आणि शेवटी शहाबादी फरशीवर एक फिकट पिवळा चौकोन पडतो. त्या चौकोनावर धुळीचे कण तरंगत असतात. त्यांना कुठेही जायचे नसते. अंथरुणात जागा असलेला ज्योतीराम त्या कणांकडे बराच वेळ पाहत होता, आणि त्याला त्यांचा हेवा वाटत होता.

त्याला मात्र पिंपरीला कारखान्यात जायचे होते. आज खंडेनवमी होती. कारखान्यात यंत्रांची पूजा होणार होती, आणि पूजेनंतर ज्योतीरामने लिहिलेला पहिला प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर चालवून जनरल मॅनेजरांना दाखवला जाणार होता. तो चालला तर ज्योतीराम कॉम्प्युटर खात्यात कायम होणार होता. नाही चालला तर परत स्टोअरमध्ये, उद्धवरावांच्या हाताखाली. उद्धवराव मनाने वाईट नव्हते, पण भेटतील तिथे ते प्रेमाने सांगत, "ज्योती, तुझं स्टूल मी अजून कुणाला दिलेलं नाही हां."

काम तसे लहान होते. स्टोअरमधल्या प्रत्येक सुट्या भागाचे एक कार्ड होते. मशीनने एकेक कार्ड वाचायचे, आणि जो भाग संपत आला असेल त्याचे नाव छापायचे. प्रोग्रॅमही अशाच जाड कागदाच्या, भोके पाडलेल्या कार्डांवर उतरवलेला होता. एका वाक्याला एक कार्ड. काल संध्याकाळी त्याने तो पहिल्यांदा चालवून पाहिला तेव्हा मशीनने एकच नाव पुन्हा पुन्हा छापले. ज्योतीरामने मशीन थांबवले, कागद फाडला, घडी घालून खिशात ठेवला, आणि कॉम्प्युटर खात्याचे प्रमुख पाटणकर साहेब यांनी "काय झालं?" असे विचारताच "विजेचा दाब कमी होता" असे सांगितले. सांगता सांगता ते त्याला पटलेही. घाबरलेल्या माणसाला स्वतःचे बोलणे फार लवकर पटते.

तरी त्याने कार्डांचा गठ्ठा घरी आणला होता. झोपण्यापूर्वी त्याने सगळी कार्डे चाळली. चूक सापडली नाही, कारण चूक कशी दिसते हेच त्याला ठाऊक नव्हते. कुणाला विचारावे, तर इतके साधे विचारले म्हणून लोक हसतील. तेव्हा विजेचा दाबच, असे ठरवून तो पडून राहिला होता.

"उठलास का?" वडील बाहेरून म्हणाले. हिंदुराव त्याच कारखान्यात टर्नर होते. त्यांनी पाटावर आपला मायक्रोमीटर, दोन फायली आणि एक पान्हा मांडून ठेवला होता. "तुजं हत्यार आन. पूजा करून मी म्होरं जातो."

"माझं हत्यार नसतं, आबा."

"हत्यार न्हाई? मग काम कशानं करतुस?"

"विचार करायचा असतो."

"मग डोस्कं ठेव पाटावर," हिंदुराव म्हणाले.

"सणादिवशी काय बोलताय," कौशल्याबाई चुलीपाशी बसूनच म्हणाल्या. "जा रे बाळा, अंघुळ कर. पानी काढलंय."

ज्योतीराम अंघोळीला गेला. कौशल्याबाईंना मात्र ती गोष्ट लागून राहिली. साताऱ्याकडून इकडे आल्यापासून त्यांच्या घरात एकही खंडेनवमी कमावत्या माणसाच्या हत्यारावाचून गेली नव्हती. त्यांनी मुलाची पिशवी उघडली. आत डबा, छत्री आणि रबर लावलेला तो गठ्ठा.

"हेच असंल का वं?"

"आसंल. मशीनीत घालत्यात म्हनं."

कौशल्याबाईंनी रबर काढले. वरच्या एका कार्डाला हळदकुंकू लावून भागले असते. पण एकाला लावायचे आणि दुसऱ्याला नाही, हे त्यांना बरे दिसेना. त्यांनी प्रत्येक कार्डाला बोट लावले. कुंकू कोरडे टिकत नाही म्हणून त्यात तेलाचा थेंब घातला. मधे मधे अक्षता टाकल्या, झेंडूच्या पाकळ्या ठेवल्या, आणि क्रम तसूभरही न मोडता सारे पुन्हा रबरात बांधून पिशवीत ठेवले. त्यांनी हे काम इतके नीट केले नसते तर पुढचे बरेचसे टळले असते.

कारखान्यात कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढून ठेवाव्या लागत. आत गारवा असे आणि सगळे हळू आवाजात बोलत; त्यामुळे तिथे नवख्या माणसाचे हात आपोआप जोडले जात. पण पूजेचे नाव काढलेले पाटणकर साहेबांना चालत नसे. गेला आठवडाभर त्यांनी कामगारांशी वाद घालून तोडगा काढला होता. पूजा दाराची होईल. तोरण बाहेर, नारळ बाहेर. "मशीनला कुंकवाचा कणसुद्धा लागता कामा नये," असे त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळे बजावले होते. ज्योतीरामला सर्वांत आधी.

"आण तुझी कार्डं," साहेब म्हणाले. "मोठे साहेब येण्याआधी एकदा फिरवून बघू."

ज्योतीरामचे डोळे दाराकडे होते. त्याने पिशवीत हात घातला, रबर काढले आणि गठ्ठा न पाहताच वाचनयंत्राच्या तोंडाशी लावला. मशीनने काही कार्डे भराभर गिळली, मग एक आवंढा गिळल्यासारखा आवाज काढला आणि थांबले. खोलीत तेलात कालवलेल्या हळदीचा वास पसरला.

साहेबांनी झाकण उघडले. आत घातलेली बोटे लाल होऊन बाहेर आली.

"हे काय आहे?"

"कुंकू, साहेब," कार्डांना भोके पाडण्याच्या यंत्रावर बसणारी पद्मजा म्हणाली. "हळदपण आहे."

"ते मला दिसतंय."

"मला वाटलं, तुम्ही विचारलंत."

साहेबांनी चिमट्याने एक अक्षत काढली. मग दुसरी. मग झेंडूची पाकळी. दाराबाहेर तोरण बांधणारा फिटर मान लांब करून पाहत होता. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही नको म्हणलात, तर त्यानं घरनं करून आणली. ज्याचं त्याला पोचलं."

ज्योतीरामला आईची बोटे ओळखू आली. प्रत्येक ठिपका सारखा गोल, ठीक मधोमध. त्याचा चेहरा उतरला. "साहेब, आईनं..." एवढेच तो बोलू शकला.

त्याला वाटले होते, साहेब आता ओरडतील. पण साहेब स्पिरिटचा बोळा घेऊन खुर्चीत बसले आणि थकलेल्या आवाजात म्हणाले, "तुझा काय दोष त्यात. माझी आईसुद्धा ऐकत नाही." पद्मजा म्हणाली, "मी सगळी कार्डं नव्यानं पाडून देते, काळजी करू नका." फिटरने त्याला चहा आणून दिला. नोकरीला लागल्यापासून त्याच्याशी इतके प्रेमाने कोणी वागले नव्हते. चहाचा घोट घेताना ज्योतीरामच्या लक्षात आले की सकाळपासून छातीवर असलेले ओझे उतरले आहे. आता प्रोग्रॅम चालला नाही तरी तो कशाने चालला नाही हे सगळ्यांना माहीत होते. या सुटकेची त्याला लाज वाटली, पण त्याने चहा संपवला.

दुपारपर्यंत मशीन पुसून झाले, नवी कार्डे तयार झाली; ती आधी फिरवून पाहायला मात्र वेळ उरला नाही. तोवर पूजेसाठी कामगारांची घरची माणसे कारखाना पाहायला येऊ लागली होती. कौशल्याबाई नव्या लुगड्यात आल्या, त्या फाटकाशी घ्यायला आलेल्या हिंदुरावांबरोबर थेट मुलाचे मशीन पाहायला. फिटरने मोठ्या कौतुकाने त्यांना सारी हकीकत सांगितली. ऐकता ऐकता त्यांच्या हातातला पेढ्यांचा पुडा खाली गेला. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. आत यायला धजेनात.

तेवढ्यात जनरल मॅनेजर आले. दारापुढे नारळ फुटला. त्यांच्याबरोबर इतर खातेप्रमुख होते, आणि उद्धवरावही. पाटणकर साहेबांनी मान हलवली. ज्योतीरामने आधी प्रोग्रॅमची कार्डे लावली, त्यांच्यामागे स्टोअरच्या मालाच्या कार्डांचा गठ्ठा ठेवला, आणि बटण दाबले.

प्रिंटर खडखडू लागला. पहिली ओळ आली: वॉशर, पाव इंची. जनरल मॅनेजरांनी समाधानाने मान डोलावली. दुसरी ओळ: वॉशर, पाव इंची. तिसरी तीच. कागद दुमडत खाली साठू लागला, आणि त्यावर वॉशरखेरीज काही नव्हते.

"वॉशर फारच कमी झालेले दिसतात," जनरल मॅनेजर म्हणाले.

उद्धवरावांचा चेहरा पांढरा पडला. "वॉशर आहेत, साहेब. रॅकवर पेटी आहे पुरी."

"मशीन नाही म्हणतंय."

"मशीन एकदा म्हणालं असतं तर समजलो असतो, साहेब. हे तर भांडायलाच उठलंय."

"पण इतक्यांदा सांगतंय, म्हणजे काहीतरी असेलच ना. तुम्ही शेवटचं कधी मोजलं होतं?"

तीस वर्षांच्या नोकरीत उद्धवरावांच्या स्टोअरवर कोणी असा संशय घेतला नव्हता. त्यांनी मदतीसाठी ज्योतीरामकडे पाहिले. ज्योतीराम कागदाकडे पाहत राहिला.

पाटणकर साहेब पुढे झाले. "सर, सकाळी आत थोडं कुंकू गेलं होतं. अजून कुठेतरी राहिलं असणार. यात स्टोअरचाही दोष नाही आणि या मुलाचाही नाही."

"कुंकू?" जनरल मॅनेजर म्हणाले. "कुणी घातलं?"

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. कौशल्याबाई दोन पावले आत आल्या. डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढून त्यांनी डोळे टिपले.

"माज्या हातनं झालं, सायेब. मला काय कळतंय. त्येला काडू नगा. रातभर कार्डं बघत बसला हुता त्यो. म्या पुन्यांदा असल्या कशाला हात न्हाई लावनार."

"अगं, तू गप," हिंदुराव पुटपुटले. पण त्यांचाही आवाज नेहमीसारखा नव्हता.

प्रिंटर चालूच होता. ज्योतीरामची नजर वाचनयंत्राकडे गेली. मालाच्या गठ्ठ्यातले एकच कार्ड आत गेले होते. बाकीचा गठ्ठा जसाच्या तसा उभा होता, पांढरा, स्वच्छ, कुंकवाचा डागही नसलेला, आपली पाळी येईल म्हणून वाट पाहत. तो त्याच्याकडे पाहत राहिला. आपण मशीनला पहिले कार्ड घ्यायला सांगितले, ते तपासायला सांगितले, छापायला सांगितले, पुन्हा तपासायला सांगितले. पुढचे कार्ड घे, असे आपण कुठेच सांगितले नव्हते. मशीन ते आपण होऊन घेईल असे तो धरून चालला होता.

सगळे त्याच्याकडे पाहत होते, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर त्याच्याबद्दल करुणा होती. फक्त गप्प राहायचे होते. आई घरी जाऊन उपास धरील, उद्धवराव वॉशर मोजतील, आणि तो कायम होईल.

त्याने हात पुढे करून मशीन बंद केले. खोलीत अचानक इतकी शांतता झाली की पद्मजाने हातातली कार्डे खाली ठेवली त्याचाही आवाज झाला.

"आई, तू रडू नकोस," तो म्हणाला. मग पाटणकर साहेबांकडे वळला. खूप प्रयत्नाने त्याने मान वर केली. "साहेब, उद्धवरावांकडे वॉशर आहेत. कुंकवानंही काही झालेलं नाही. काल कुंकू नव्हतं, विजेचा दाबही ठीक होता, आणि तरी मशीननं हेच छापलं होतं."

"मग?" साहेबांनी विचारले.

"माझा प्रोग्रॅम चुकलाय."