सखुबाईचा बोगस दाखला

धाकूला गंडवणारा माणूस बाळकुमात अजून जन्मायचा होता! हे धाकूचंच मत होतं. दूधवाल्यापासून देवापर्यंत तो सगळ्यांवर बारीक नजर ठेवून असे.

आपल्या जमिनीवर लग्नाचा हॉल बांधायचं त्याचं स्वप्न होतं. मधून जाणारी पायवाट त्याने गेट ठोकून बंद केली, आणि त्याच वाटेने रस्त्याला लागणारा चुलतभाऊ धनेश सरळ कोर्टात गेला. आता वाट खुली झाली की हॉल बोंबलला.

एके दिवशी तो टेंभी नाक्याला आपल्या वकील दर्शना मॅडमच्या ऑफिसात बसलेला असताना मॅडम फोनवर कुणाला तरी म्हणाल्या, "धनेशच्या वकिलांनी सखुबाईचा दाखला लावलाय. तो खोडला नाही तर आपली केस बसली!"

धाकूने कान टवकारले. सखुबाई म्हणजे त्याची आई! आयेचा दाखला धनेशकडे गेलाच कसा? मॅडमना विचारावं तर त्याही फुटल्या असतील. तो ताकास तूर न लागू देता घरी आला.

"आये, तू शाळंत गेलेलीस?"

"शाला? मी मिठागरावं गेलेली. मना सई पन येत नाय."

"मग तुझा दाखला कुनी काढला?"

सखुबाईचे डोळे बारीक झाले. संशय हा त्या घरात वारसाहक्कानेच आला होता. "कनचा दाखला? माझ्या नावावं काय करून घेतंस काय र?"

धाकूला मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. जी बाई शाळेची पायरी चढली नाही, तिचा शाळा सोडल्याचा दाखला! म्हणजे बोगस! तारखेला तो आईलाच रिक्षात घालून ठाण्याच्या कोर्टात घेऊन गेला, आणि कुणाला काही न सांगता तिला बाहेर बाकावर बसवून आत गेला.

धनेशचे वकील म्हणाले, "साहेब, आमचा सगळा भार सखुबाईच्या दाखल्यावर आहे."

दर्शना मॅडम उठल्या. "तो दाखला इथे लागू होत नाही, साहेब. ती वाट वेगळी होती..."

"लागू कसला? बोगस आहे तो!" धाकू ओरडला.

जजसाहेबांनी चष्मा काढला. "हायकोर्टाचा निकाल बोगस?"

"कुनाचा पन असू दे साहेब! सखुबाई शाळंतच गेलेली नाय!"

अख्खं कोर्ट हसलं. जजसाहेबांनाही ओठ चावावा लागला. "अहो, दाखला म्हणजे जुना निकाल. तशीच केस आधी वरच्या कोर्टात झाली असली, की आम्ही त्या निकालाला धरून चालतो. कुणा सखुबाईची वाट जमीनमालकाने अडवली होती. वहिवाटीची वाट अशी बंद करता येत नाही, असं हायकोर्टाने सांगितलंय. पण ही सखुबाई तुमची कोण?"

"आय. भाईर बसलीय. साक्षीला आनलीय."

दर्शना मॅडमनी कपाळाला हात लावला.

सखुबाई आत आली. ती वाट कुठली, असं साहेबांनी विचारायचा अवकाश, ती सुरूच झाली. "कुठली म्हंजे? आमच्या दारातली! पोपटशेटनी काटं टाकलेलं. मी पार हायकोर्टात गेली, पन वाट सोरली नाय. हरल्यावं त्यानी ती जमीनच आमाला इकली. आज धाकूनी गेट ठोकलाय ना, तीच!"

आईच्या जुन्या गोष्टी सुरू झाल्या की धाकू टीव्हीचा आवाज वाढवायचा, त्यामुळे हे सगळं तो पहिल्यांदाच ऐकत होता. मॅडमनी हातातले कागद मिटले. वाट वेगळी म्हणायची आता सोयच उरली नव्हती. साहेबांनी गेट काढायचा हुकूम दिला.

धाकूचा जीव हॉलसाठी अगदी हळहळला. बाहेर आल्यावर धनेश सखुबाईच्या पाया पडला. ती फुलून गेली होती. एवढ्या वर्षांनी कोर्टात कुणीतरी तिचं नाव मानाने घेतलं होतं. तिने धाकूच्या पाठीवर हात फिरवला.

"बरा झाला पोरा, मना साक्षीला आनलंस. जिकलाव ना आपुन?"

सगळ्यांवर संशय घेणाऱ्या धाकूने आईच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. ती मनापासूनच विचारत होती.

"हो आये," तो म्हणाला, "जिंकलो."